आजोबांचा बसलेला घसा

"सौदा म्हणजे नेमकं काय काय धरता तुम्ही, बाई?" ऑर्व्हिल स्ट्राउड यांनी टोपी मांडीवर ठेवत विचारलं.

कॉलेजच्या खेळ विभागात नियमांची राखण करणाऱ्या मिसेस प्रुइट यांनी चष्म्यावरून पाहिलं. समोर दोघं बसले होते. एक कोल्बी, कॉलेजच्या बेसबॉल संघात चेंडू फेकणारा पिचर आणि त्याच जोरावर शिष्यवृत्तीवर शिकणारा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. दुसरे त्याचे आजोबा. येत्या शनिवारी एका व्यावसायिक क्लबाची खुली निवड चाचणी होती, आणि आपण किती पाण्यात आहोत ते कोल्बीला तिथं जाऊन बघायचं होतं.

"जायला हरकत नाही," मिसेस प्रुइट म्हणाल्या. "पण पेट्रोल तुमचं, जेवण तुमचं. पाण्याचा घोटसुद्धा फुकट घ्यायचा नाही. कशावर सही करायची नाही. आणि याच्या वतीनं क्लबाशी कुणी पैशाची गोष्ट काढली, तर हा हौशी खेळाडू राहत नाही. संघ गेला, शिष्यवृत्ती गेली. कुणीही म्हणजे कुणीही. दलाल, काका, आजोबा."

'आजोबा' हा शब्द त्या जरा सावकाश म्हणाल्या. त्याला कारण होतं. ऑर्व्हिलनी पंचेचाळीस वर्षं एल्क क्रीकच्या गुरांच्या बाजारात लिलाव पुकारला होता. त्यांच्या तोंडून आकडा निघाला की समोरच्याचा हात आपोआप वर जाई. गेल्या वर्षी बाजार बंद झाला, पण जीभ काही निवृत्त झाली नव्हती. रविवारी चर्चमध्ये ते भजनाचा क्रमांक सांगायला उभे राहिले, तरी मागच्या बाकावरून कुणीतरी "आणखी दहा!" म्हणून ओरडे.

शनिवारी सकाळी गाडीत कोल्बीनं हात जोडले. "आजोबा, तुम्ही आज बोलूच नका. एक शब्दही नको. तुम्ही नुसतं 'नमस्कार' म्हणालात तरी सौदा सुरू होतो."

"हे काय बोलणं झालं!"

"जुना ट्रक विकायला निघालेल्या माणसाचा ट्रक त्याच्याच बायकोला कुणी विकला?"

ऑर्व्हिलनी गाडीत पडलेला लोकरी मफलर गळ्याभोवती गुंडाळला. "घसा बसलाय म्हणून सांग. संध्याकाळपर्यंत तोंडाला कुलूप."

फाटकाशी नावं लिहून घेणाऱ्या बाईंना कोल्बीनं तसं सांगितलं आणि पाठीवर एकोणसाठ नंबर लावून तो मैदानात पळाला. बाई कनवाळू निघाल्या. त्यांनी मधाचा चहा आणला. फुकटचा! ऑर्व्हिलनी जोरजोरात मान हलवली. बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला ऐकूही येत नाही. त्या कानाशी ओरडल्या, "चहाऽऽ! मधाचाऽऽ!" ऑर्व्हिल दोन पावलं मागे सरले. ती ओरड ऐकून क्लबाचे डॉक्टर धावत आले.

"आ करा. आणखी. अहो, हा घसा तर ठणठणीत आहे!" डॉक्टर गंभीर झाले. "म्हणजे काहीतरी धक्का बसलेला दिसतो. बिचारे. यांना सावलीत, पहिल्या रांगेत बसवा."

सावली नेमकी जाळीमागे होती. तिथं क्लबासाठी खेळाडू हेरणारा माणूस वेग मोजायचं यंत्र घेऊन बसला होता. शेजारी मुका माणूस बसलाय म्हटल्यावर त्याची जीभ सैल सुटली. प्रत्येक पोरामागे तो स्वतःशीच पुटपुटू लागला, याला किती द्यावेत, त्याला किती. एका धडधाकट, लांब हाताच्या पोरासाठी तो असा आकडा बोलला, की ऑर्व्हिलना घाम फुटला. त्यांनी याहून जास्त भावात लंगड्या गाई विकल्या होत्या. त्यांनी मफलरचं टोक दातांत धरलं.

इतक्यात वारा उठला. नंबर पुकारणाऱ्या माणसाची गाडी वाटेत पंक्चर झाली होती आणि क्लबाचे व्यवस्थापक लॉनी व्हान्स स्वतः घसा फोडून ओरडत होते. ओक्लाहोमाच्या वाऱ्यापुढे त्यांचा आवाज म्हणजे ढोलापुढे शिट्टी. निम्मी अक्षरं मैदानात पोचत, निम्मी वाटेत उडून जात. एकदा तीन पोरं एकदम चेंडू फेकायच्या उंचवट्यावर आली आणि एकमेकांना 'तू हो, तू हो' करू लागली. एक जण नुसता वैतागून घरी गेला.

लॉनी ओरडले, "एकोण…साठ!"

अर्धवट ऐकून उंचवट्यावर चढला तो एकोणसत्तर नंबरवाला, लालबुंद चेहऱ्याचा मुलगा. त्याचा पहिला चेंडू जाळीत, दुसरा फलंदाजाच्या पाठीमागून, तिसरा थेट लॉनींच्या यादीवर. हेरणाऱ्या माणसानं उसासा टाकला, वहीत एकोणसाठ हा आकडा शोधला आणि त्यावर आडवी रेघ मारली.

ऑर्व्हिलनी ती रेघ पाहिली. पलीकडे कोल्बी आपली पाळी येईल म्हणून हातमोजा थोपटत उभा होता. ती कधीच येणार नव्हती.

"एकोणसाठ नव्हे! एकोणऽऽसत्तर!"

आवाज मैदान ओलांडून मोटारींच्या तळापर्यंत गेला. दोन कुत्री भुंकायला लागली. हेरणाऱ्या माणसाच्या हातून यंत्र निसटलं. फाटकावरच्या बाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "देवा रे! बोलले!"

लॉनी धावतच आले आणि त्यांनी ऑर्व्हिलच्या हातात यादी कोंबली. "दादा, तुम्ही कोण ते नंतर बघू. आधी हे पुकारा."

"मी सौदा करणार नाही," ऑर्व्हिल घाईघाईनं म्हणाले.

"सौदा कोण मागतंय? नंबर पुकारा, वेग पुकारा. बस."

एवढी मुभा पुरेशी होती. "एकवीस नंबर, या! ताशी चौऱ्याऐंशी मैल! चौऱ्याऐंशी एक वार… पंच्याऐंशी देतो का रे? हा दिला, पंच्याऐंशी! पंच्याऐंशी दोन वार, आता सत्त्याऐंशी होऊन जाऊ दे!" पोरं आधी हसली, मग इरेला पेटली. ज्यानं आयुष्यात नव्वद पाहिले नव्हते, त्यानं नव्वद फेकले. एकोणसत्तर नंबरवाल्यालाही ऑर्व्हिलनी पुन्हा बोलावलं आणि या खेपेला त्याचे सगळे चेंडू जागच्या जागी पडले. रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या थांबवून लोक कुंपणाशी गोळा झाले.

"एकोणसाठ नंबर," ऑर्व्हिल म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच बसला.

कोल्बीनं पहिला चेंडू फेकला. ब्याण्णव. ऑर्व्हिलचे ओठ हलले, शब्द नाही. दुसरा. चौऱ्याण्णव. लोक ऑर्व्हिलच्या तोंडाकडे बघत होते. तिसरा चेंडू पकडणाऱ्याच्या हातमोज्यात असा आदळला, की त्याचा आवाज वाऱ्यालाही उडवता आला नाही. ऑर्व्हिल नुसतेच उभे होते, डोळे पुसत. शेवटी जाळीमागच्या कुंपणापलीकडून एक लहानगी यंत्रावरचा आकडा वाचून किंचाळली, "शहाण्णव!" आणि सगळं मैदान ओरडलं.

हेरणाऱ्या माणसानं वहीतली रेघ खोडून खोडून कागद फाडला. मग तो कोल्बीकडे गेला. "आज तुझ्याकडे सही मागत नाही. कॉलेजात खेळ. पुढच्या उन्हाळ्यात मीच येईन."

"आज मी देणारही नव्हतो," कोल्बी म्हणाला. त्याचे कान आनंदानं लाल झाले होते.

तेवढ्यात लॉनींनी ऑर्व्हिलना कोपऱ्यात घेतलं. "या हंगामातले इथले सगळे सामने तुम्ही पुकारायचे. पगार काय घ्याल, बोला."

ऑर्व्हिल पांढरे पडले. त्यांनी लगेच मिसेस प्रुइटना फोन लावला. "बाई, घोटाळा झाला. क्लब मलाच नोकरी देतोय. पोराचं आता काही खरं नाही ना?"

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "नोकरी नातवामुळे देतायत का? त्या माणसाला फोन द्या."

लॉनींनी फोन कानाला लावला, ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "नातू? यांचा नातू इथं होता? कुठला तो?"

फोन परत ऑर्व्हिलकडे आला. "स्ट्राउड," मिसेस प्रुइट म्हणाल्या, "हे सगळं सोमवारी लिहून आणून द्या. बाकी स्वतःच्या पगाराबद्दल किती बोलायचं, याला माझ्याकडे नियम नाही."

ऑर्व्हिलनी एक खुर्ची लॉनींसाठी ओढली, एक स्वतःसाठी. ते बघून कोल्बी गाडीत जाऊन झोपला. तासाभरानं तो उठला तेव्हा लॉनी अजूनही "नाही" म्हणत होते, पण आता फारच हळू आवाजात.