एक तारा, मुक्काम उदगीर

हबीबभाईंचं पार्सल पाचशे ग्रॅमचं असतं. चारशे नव्याण्णव नाही, पाचशे एक नाही. एकदा पोस्टातल्या काट्यावर त्यांनी पार्सल ठेवलं आणि त्यावर एक मुंगी चढली. काटा पाचशे एक दाखवायला लागला. हबीबभाईंनी मुंगीला कागदाच्या कपट्यावर अलगद घेतलं, भिंतीवर सोडलं आणि मागच्या रांगेला म्हणाले, "जरा दम धरा, सवारी उतरून राहिली." हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. निदान मुंगी तरी पाहिली आहे.

पुढे जे सांगायचं आहे ते मान खाली घालून सांगावं लागणार आहे, म्हणून सुरुवातीला जरा हसून घेतो.

हबीबभाई म्हणजे आमच्या गल्लीतले जिल्दवाले. पुस्तकं बांधायचा धंदा तीन पिढ्यांचा. पुढे दुकान, मागे एक खोली, खोलीत ते एकटे. शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान. लातुरात क्लासेस वाढले तशी आमच्या गल्लीत माणसांपेक्षा बारावीची मुलं जास्त झाली. इतकी, की चुकून एखादा टक्कल पडलेला माणूस दिसला तर खानावळवाली विचारते, "रिपीटर का हो?" परीक्षा संपली की ही फौज गावाकडे जाते आणि वर्षभराच्या नोट्स रद्दीत टाकते. हबीबभाई त्या उचलतात, खळ लावून नवी पाठ बांधतात आणि मोबाइलवरच्या बाजारात विकतात. राज्यभरातली पोरं घेतात. लातूरच्या नोट्स म्हटल्यावर रद्दीलाही मान असतो.

आता वजनाची भानगड. टपालखर्च गिऱ्हाईक भरतं आणि पोस्टाचा दर पाचशे ग्रॅमपर्यंत सारखाच असतो. नोट्स भरल्या चारशे तीस. मग उरलेले सत्तर कुणाचे?

"त्ये सत्तर ग्रॅम गिऱ्हाइकाच्या हक्काचे हायत, भाऊ. त्येनं पैसे भरलेत. पोस्टाला फुकट का सोडू?"

म्हणून सत्तर ग्रॅम शेंगदाणे. खारवलेले, भाजलेले, दुहेरी पिशवीत. वजन अडलंच तर फुटाणे. अगदीच दोन-तीन ग्रॅम कमी पडले तर एक लिमलेटची गोळी. पावसाळ्यात खळ लवकर वाळत नाही आणि मग वाटेत ती वाळेल तसं वजन आपोआप उतरत जातं, त्याचा हिशेब धरून ते एक शेंगदाणा जास्त टाकतात.

ही मोबाइलची विद्या त्यांना दिली कुणी? मी. माझंही त्याच बाजारात दुकान होतं. मी नोट्सच्या झेरॉक्स विकायचो, किंमत फक्त एकोणीस रुपये. टपालखर्च एकशे नव्वद. त्यात पोस्ट, पॅकिंग, हाताळणी आणि काळजी असे चार भाग मी पाडले होते. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "काळजी म्हणजे काय?" मी कळवलं, "पार्सल पोचेपर्यंत आम्हाला लागून राहते ती." त्यानं एक तारा दिला. असे एक-एक तारे मिळवून मी दोनपर्यंत चढलो होतो.

हबीबभाई मात्र पाचाला टेकलेले. लोक काय लिहायचे, तर "नोट्स ठीक, शेंगदाणे खमंग. पाच तारे." त्यांच्या लेखी तारा म्हणजे मार्क. लातुरात राहणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. कुणी चार तारे दिले की हे फोन लावणार: "दादा, एक मार्क कुठं गेला? न्हाई, भांडून न्हाई राहिलो. फक्त कुठं गेला ते सांगा." परभणीच्या एका मुलीनं फुटाणे मऊ पडल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिला कोरे फुटाणे रवाना, पाचशे ग्रॅम, नोट्सशिवाय!

हे सगळं हसण्यावारी नेत होतो. पण एक दिवस माझ्याच एका गिऱ्हाइकानं माझ्याच दुकानावर लिहिलं, "यांच्याकडून घेऊ नका. त्याच गल्लीत एक हबीबभाई आहेत." माझ्या पानावर! मला जेवण जाईना. म्हणजे गेलं, पण चव लागेना.

उदगीरला माझा मेहुणा आहे, बाळू. आडतीवर बसतो. त्याच्या नावानं मी हबीबभाईंकडून फिजिक्सच्या नोट्स मागवल्या. पार्सल पोचल्यावर त्याला फोनवरच पानं उलटायला लावली.

"दाजी, सगळं झकास हाय की."

"नीट बघ. काहीतरी निघेलच."

"काही पानांवर कडेला रबर मारलंय. घासून घासून कागद पातळ झालाय. एक-दोन जागी कोरी चिठ्ठी डकवलीय. शेंगदाणे मात्र एक नंबर, दाजी, संपले पण."

मला तेवढं पुरे होतं. मी बाळूला मजकूर सांगितला: "पानं घासलेली. मजकूर पुसला आहे. मुलाच्या अभ्यासाचं नुकसान झालं. एक तारा." बाळूचं थोरलं पोर बालवाडीत आहे.

दुपारी हबीबभाई मोबाइल दोन्ही हातांत धरून माझ्या दुकानात आले. गरम तवा धरावा तसा.

"भाऊ, पाचापैकी एक."

"असतात हो असे लोक," मी म्हणालो. "उदगीरचं पाणीच तसं." मोबाइलकडे बघायच्या आधीच मी उदगीर म्हणून बसलो होतो. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

"पोराचं नुकसान झालं म्हणून राहिले. काय पुसलं गेलं असंल? मला इंग्रजी वाचता येत न्हाई. माफीचं पत्र लिहून द्या ना भाऊ. तुमची भाषा चांगली हाय."

आणि मी ते लिहिलं. माझीच माफी मागणारं पत्र माझ्याच हातानं, माझ्याच पेनानं. वर हेही सांगायला हवं, की ते चांगलं उतरलं म्हणून मला बरंही वाटलं. हबीबभाईंनी वाचून घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "पत्रानं न्हाई भागणार. उद्या जातो उदगीरला. पोराला भेटतो. माझ्या रबरानं खरंच त्येचं काही गेलं असंल, तर आजपासून नोट्स बंद. नुसत्या हिशेबाच्या वह्या बांधीन."

मी लाख सांगितलं. ऊन आहे, बस खिळखिळी आहे, मेहुणा, म्हणजे ते गिऱ्हाईक, रागीट असेल. ऐकेनात. शेवटी सकाळच्या बसला मीच शेजारी जाऊन बसलो. सोबत म्हणून नव्हे. उदगीरच्या स्टँडवरच त्यांना कसंतरी परत वळवता येईल म्हणून. बाळूला आडतीवरून पळून जायला सांगून ठेवलं होतं.

बस नळेगावच्या पुढे गेली. हबीबभाईंच्या मांडीवर पिशवी, पिशवीत उदगीरच्या पोरासाठी फिजिक्सचा दुसरा संच.

"पण तुम्ही रबर मारताच कशाला?" मी विचारलं. वकिली सुरात. सवय जात नाही.

त्यांनी पिशवीतून आणखी एक वही काढली. अजून न बांधलेली. मधलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. वर्तुळं, बाण, सूत्रं, आणि कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षर: "आई, मला इथं नको." चार पानं पुढे: "सगळ्यांना जमतंय." आणखी पुढे: "आज कुणाशीच बोललो नाही." त्याच्या खाली तारीख, दुसऱ्या दिवसाची तारीख, तिसऱ्या दिवसाची. तेच वाक्य.

"दर दोन-तीन वह्यांत असतंय, भाऊ. इंग्रजी मला कळत न्हाई, पण कडेचं मराठीत असतंय. हे पुढच्या पोराच्या हाती कसं द्यावं? त्ये पण एकटंच खोलीत बसून वाचणार ना. म्हणून पुसतो. पेनानं लिहिलं असंल तर चिठ्ठी डकवतो."

मी ती तारखांची पानं परत उलटून बघितली.

"आणि हे लिहिणारं पोर?" मी विचारलं.

"पहिल्या पानावर नाव-नंबर असतो. फोन लावतो."

"कुणाला?"

"पोराला. म्हणतो, तुझी वही माझ्याकडं आलीय, कसा हायेस? लई जण ठेवून देतात. काहींना वाटतं मी कर्ज देऊन राहिलो. एखादा बोलतो. एक बोलला तर अर्धा तास बोलला." हबीबभाई खिडकीबाहेर बघत होते. "भूकंपाच्या साली मी सतरा वर्षांचा. गाव सगळं खाली बसलं. आमच्या घरचा मी तेवढा बाहेर. ढिगाऱ्यावर उभं राहून आम्ही वरडायचो, मंग गप बसून ऐकायचो. खालून आवाज आला की जबाब द्यायचा. दगड निघो न निघो, जबाब द्यायचा. वर कुणी हाय एवढं त्येला कळलं पाहिजे."

एवढंच बोलले आणि वहीचं पान हातानं सपाट करत बसले.

मी आयुष्यात खूप थापा मारल्या आहेत. मुंगीचीच घ्या. पण त्या बसमध्ये साधं खरं बोलायला मला उदगीर येईपर्यंत वेळ लागला. स्टँडवर उतरलो. ते आडत बाजार कुठे म्हणून एका रिक्षावाल्याला विचारायला निघाले, तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"हबीबभाई, जाऊ नका. तिथं कुणी पोरगं नाही."

"म्हंजे?"

"बाळू माझा मेहुणा आहे. त्या नोट्स मी मागवल्या. तो तारा मी दिला. मजकूरही माझाच."

हबीबभाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता शिवी येईल. यावी अशी फार इच्छा होती. चांगली निजामाच्या काळापासून मुरलेली, खणखणीत.

"बारावीचं पोर न्हाईच तिथं?"

"नाही."

"कुणाचंच नुकसान न्हाई झालं?"

"नाही."

"शुकर हाय," ते म्हणाले आणि स्टँडच्या बाकावर मटकन बसले. रुमालानं मान पुसली, कपाळ पुसलं. त्या माणसानं रात्रभर काय ओझं घेतलं होतं ते मला तेव्हा दिसलं. मी शेजारी बसलो नाही. बसायची हिंमत होईना.

"आत्ताच्या आत्ता बाळूला सांगून तो तारा काढायला लावतो," मी म्हणालो.

"राहू द्या. रबर मी मारलाच हाय. त्ये खोटं थोडंच लिहिलंय तुम्ही?" मग थोडं थांबून, "मेहुण्याचं नाव मात्र उगी खराब केलं."

का केलं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारतील म्हणून मी तीन उत्तरं तयार ठेवली होती. तिन्ही माझ्या बाजूची.

परतीच्या बसला अवकाश होता. हबीबभाईंनी ती न बांधलेली वही पुन्हा काढली, पहिलं पान उघडलं आणि मोबाइल माझ्यापुढे केला.

"हदगावचं पोर हाय. घरचा नंबर हाय. चार दिवस झाले लावून राहिलो, माझं नाव ऐकलं की कट करतात. तुम्ही बोलून बघा, भाऊ. तुम्हाला बोलता येतं."

ते टोमणा मारत नव्हते. तोच तर खरा मार होता.

मी नंबर लावला. बरीच रिंग वाजली. मग एका बाप्याचा आवाज आला, "हाव, कोण?"

अशा वेळी माझ्या तोंडात वीस माणसं तयार असतात. क्लासचे सर, बोर्डाचे साहेब, लांबचे मामा. एकही पुढे येईना.

"लातूरहून बोलतो," मी म्हणालो. "तुमच्या मुलाची वही ज्यांच्याकडे आलीय ना, हबीबभाई, त्यांचा मी शेजारी. मुलगा कसा आहे?"

पलीकडे कुठेतरी मोटार चालू होती, कोंबडी ओरडत होती.

"कालच्यापास्नं जेवायला लागलाय," तो माणूस म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "बसलाय हितंच. देऊ का त्येच्याकडं? कोण म्हणून सांगू?"

हबीबभाई मान तिरकी करून ऐकत होते.

"शेजारी," मी पुन्हा म्हणालो. दुसऱ्यांदा तो शब्द तोंडातून निघायला फार जड गेला.