म्यूटचा फ्लॅशबॅक

मला फसवेल असा तमिळ सिनेमा अजून निघायचा आहे! ही बढाई नाही, अनुभव आहे. पहिल्या दहा मिनिटांत मी सांगतो, खलनायक कोण, मरणार कोण आणि नायकाची बहीण कुणाच्या तावडीत सापडणार. तमिळ मला येत नाही, हा भाग वेगळा. पडद्यावर खाली अक्षरं येतात, पण ती वाचून होईपर्यंत वरची मारामारी संपलेली असते. आणि भाषा हवीय कुणाला? ढोल वाजले की नायक आला, बासरी वाजली की त्याची आई आजारी पडणार, इतकं सोपं असतं ते. बायको म्हणते, "सिनेमातलं एवढं आधी कळतं, मग घरातला गॅस संपत आलाय हे का नाही कळत?" आता गॅस संपताना ढोल वाजत नाहीत, त्याला मी काय करणार!

बरं, मी नुसता बघत नाही, त्यावर विचारही करतो. तमिळ नायक रस्ता ओलांडतो तेव्हा कसा सावकाश चालतो! केस उडतायत, मागे धूळ, गाड्या आपोआप थांबलेल्या. मी एकदा आमच्या चौकात तसं चालून पाहिलं. अर्ध्यावर पोहोचलो आणि सिग्नल सुटला. बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान काढून माझ्या सगळ्या घराण्याची विचारपूस केली. तेव्हापासून माझं असं मत झालंय की आपल्या शहरात तशा चालीला लागणारी धूळ भरपूर आहे, पण सवड नाही.

तर मुद्द्यावर येतो. आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते आणि मी तक्रार कक्षात फोन घेतो. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की फोन येतो माझ्याकडे. माणूस आधी ओरडतो, मग धमकी देतो, मग रडकुंडीला येतो. मी त्याला धीर देतो. मेकॅनिक पोहोचेपर्यंत करमणूक म्हणून एखाद्या सिनेमाची गोष्ट सांगायला घेतो. काही जण तर लिफ्टचं दार उघडायच्या आतच फोन ठेवून देतात, इतका धीर येतो त्यांना!

त्या सुमारास आमचे सुपरवायझर निवृत्त झाले आणि त्यांची काचेची केबिन रिकामी झाली. सगळ्यात जुना मी. पुढचा सुपरवायझर मीच, यात कुणाला शंका नव्हती. बायकोने तर केबिनला साजेसे दोन शर्ट शिवून घेतले आणि तिच्या ताईला फोन करून टाकला. ताईच्या नवऱ्याला केबिन मिळून बरीच वर्षं झालीत आणि ताई ते दर भेटीत सांगते. "अहो, या वेळी काही गडबड झाली ना," बायको म्हणाली, "तर मी ताईला तोंड दाखवू शकणार नाही हां!" मी म्हटलं, "तू शर्टांना इस्त्री कर, बाकी माझ्यावर सोड." बाकी माझ्यावर सोडलं, तिथेच सगळं बिघडलं.

कारण त्याच आठवड्यात दुसऱ्या शाखेतून एक जण बदलून आला आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. चष्मा, अंगाने किरकोळ, आणि बोलणं शून्य. फोन आला की म्हणणार, "बरं." मेकॅनिक निघाला की फोनवर सांगणार, "येतोय." संपलं! दोन दिवसांत सगळे त्याला म्यूट म्हणायला लागले. त्यालाही ते कळलं असावं, पण तो त्यावरही काही बोलला नाही.

मी त्याचं निरीक्षण सुरू केलं, आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीत अकाउंटवाल्या वहिनींना हळूच म्हटलं, "वहिनी, हा माणूस दिसतो तसा नाही."

"म्हणजे कसा?"

"बघा तुम्हीच. पूर्ण बाह्यांचा शर्ट. पाठ कायम भिंतीला, तोंड दाराकडे. साहेब ओरडले तरी मान खाली. आणि ती लांबलचक पिशवी! रोज आणतो, रोज घेऊन जातो, उघडत कधीच नाही. असा माणूस मध्यंतरापर्यंतच गरीब असतो, वहिनी. मग फ्लॅशबॅक येतो."

"काय येतो?"

"त्याचं आधीचं आयुष्य! बंदर. धो धो पाऊस. चाळीस गुंड एकीकडे, हा एकटा एकीकडे. सगळ्यांना लोळवतो! आणि मग दिलेल्या शब्दाखातर दूर कुठेतरी जाऊन खाली मान घालून नोकरी करतो."

वहिनींचा घास हातातच राहिला. "शब्द कुणाला दिलेला?"

"आईला. बहुतेक आईलाच देतात."

"बाई गं! आणि तो शब्द मोडला तर?"

"तर तो बाह्या दुमडतो. बाह्या दुमडल्या की समोरच्याचं संपलं!"

आता मी बोलत होतो सिनेमाबद्दल आणि वहिनी ऐकत होत्या म्यूटबद्दल. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण समोरचा इतकं मन लावून ऐकतोय असं माझ्या नशिबी फार क्वचित येतं. वर मी सवयीने म्हणालो, "कुणाला सांगू नका हं." वहिनी डबा तसाच टाकून उठल्या.

दुसऱ्या दिवशी चहावाल्याने सगळ्यांना एकेक बिस्किट दिलं आणि म्यूटला अख्खा पुडा दिला. तो आत आला की मेकॅनिक उभे राहायला लागले. पार्किंगमध्ये त्याच्या स्कूटरच्या आजूबाजूला तीन गाड्यांची जागा रिकामी सुटायला लागली. म्यूट बावरून सगळ्यांकडे बघायचा, आणि त्याने कुणाकडेही बघितलं की त्या माणसाला काहीतरी तातडीचं काम आठवायचं.

मला हसू येत होतं, अगदी आमचा हेडमेकॅनिक मला जिन्यात गाठेपर्यंत. (जिन्यात, कारण आमच्याच ऑफिसची लिफ्ट बंद असते.) तो कानाशी येऊन म्हणाला, "तुम्ही त्याच्या शेजारी बसता म्हणून सांगतो. बंदरावर त्याने एकाला क्रेनला उलटा टांगला होता."

मी मनात हिशेब मांडला. बंदर माझं, चाळीस गुंड माझे, पाऊससुद्धा माझा. पण क्रेन? क्रेनचं मी कुणाला काही बोललोच नव्हतो! म्हणजे ही माहिती दुसरीकडून आली होती. म्हणजे मी जे उगाच बोललो ते खरं निघालं होतं! त्या दिवशी मी माझी खुर्ची हळूहळू सरकवत पार खिडकीपाशी नेली.

मग साहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्ही ते तमिळ सिनेमे बघता ना? अशी माणसं खरंच असतात का हो?"

जाणकार म्हणून कुणी मत विचारलं की मी विरघळतो. "असतात, साहेब. त्यांना डिवचू नये."

"परवा मी त्याच्या टेबलावर फाईल आपटली!"

"त्याने काय केलं?"

"काही नाही. मान खाली घातली."

"मग वाईट," मी म्हणालो. "ओरडला असता तर बरं होतं."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून ते म्यूटला "अहो-जाहो" करायला लागले, आणि त्याला फाईल द्यायची असली की दोन्ही हातांनी द्यायला लागले.

आणि मग आला तो बिल्डर. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याच्या बावीस मजली इमारतीतल्या लिफ्टमध्ये तो स्वतःच अडकला होता, आणि दुर्दैवाने त्याचा फोन मी घेतला होता. मी त्याला मध्यंतरापर्यंतची गोष्ट सांगितली होती. तो करार मोडायलाच आला होता. करार गेला असता तर आमच्यातले निम्मे घरी बसले असते.

"कुठंय तो फोनवर गोष्टी सांगणारा?" तो दारातून गरजला. मी टेबलाखाली पडलेलं पेन शोधायला लागलो. दाराकडे तोंड करून बसलेला एकच माणूस होता. बिल्डरने त्याच्या टेबलावर असा हात आपटला की चहाचा ग्लास उलटला आणि सगळा चहा म्यूटच्या बाहीवर!

म्यूट उभा राहिला. त्याने मनगटावरचं बटण काढलं. आणि शांतपणे, एकेक घडी घालत, तो बाही दुमडायला लागला.

"अगं आई गं, बाह्या!" वहिनी किंचाळल्या.

पुढचं मी टेबलाखालून पाहिलं. एकटा नव्हतो, हेडमेकॅनिकही तिथेच होता. साहेब कपाटाआडून बिल्डरला म्हणत होते, "हात जोडतो, त्याच्या डोळ्यांत बघू नका!"

"का? कोण आहे हा?"

वहिनींनी खुर्चीवर उभ्या राहून एका दमात सगळं सांगितलं. बंदर, चाळीस, क्रेन, आईला दिलेला शब्द. तेवढ्यात टेबलावरचा चहा पिशवीकडे ओघळायला लागला, म्हणून म्यूटने ती लांब पिशवी उचलून हातात घेतली. बिल्डर तीन पावलं मागे गेला.

"मी... मी तर नुसतं भेटायला आलो होतो," तो म्हणाला. "करार पुढे चालू ठेवू या, असं सांगायला."

म्यूटने चष्मा सारखा केला आणि म्हणाला, "बरं."

बिल्डर धावतच जिना उतरला. सहा मजले! त्याच संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना जमवून जाहीर केलं की नवीन सुपरवायझर म्यूट. टाळ्या अशा वाजल्या की मलाही वाजवाव्या लागल्या. वाजवताना डोळ्यांसमोर बायकोने इस्त्री करून टांगलेले दोन शर्ट येत होते. खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं.

मी साहेबांच्या मागे धावलो. "साहेब, ते सगळं मी रचलंय! सिनेमातलं आहे ते!"

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्याने तुम्हाला असं बोलायला लावलं का?"

"नाही हो! मीच वहिनींना सांगितलं होतं!"

"क्रेनचंसुद्धा?"

इथे मी अडकलो. क्रेन माझी नव्हती! साहेब समजल्यासारखे म्हणाले, "घाबरू नका. तुम्ही काही बोलला नाहीत आणि मी काही ऐकलं नाही."

मग एकच मार्ग उरला. मी मन घट्ट करून म्यूटला जिन्यात गाठलं. "हे बघा, त्या पिशवीत काय आहे ते आज सांगाच!"

तो थांबला. जिन्यात वरखाली कुणी नाही हे पाहून त्याने पिशवीची नाडी सोडली. "पडद्याची दांडी. वीतभर जास्त लांब निघाली. बदलायची आहे, पण आपलं ऑफिस सुटेपर्यंत दुकान बंद होतं आणि जेवणाच्या सुट्टीत गेलो तर दुकानदार जेवायला गेलेला असतो."

"आणि पाठ भिंतीला का?"

"खुर्चीची पाठ मोडलीय."

"पूर्ण बाह्या?"

"पंख्याखाली बसवलंय. थंडी वाजते."

किती सरळ, किती गोड बोलत होता माणूस! मला त्याची कीव आली, त्याहून जास्त माझी आली. "अहो, मग बोलत का नाही कुणाशी? पहिल्या दिवशी चार शब्द बोलला असतात तर हे काही घडलंच नसतं!"

तो ओशाळला. "वाईट वाटून घेऊ नका. इकडे बदली झाली तेव्हा जुन्या शाखेतल्या सगळ्यांनी मला बजावून सांगितलं होतं. तक्रार कक्षात एक जण आहे, त्याच्याशी 'आज गरम होतंय' एवढंसुद्धा बोलू नकोस. तो त्यावरून सिनेमावर येतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. मग मला वाटलं, तुमच्याशी बोलायचं नाही आणि बाकीच्यांशी बोलायचं, हे बरं दिसणार नाही. म्हणून सगळ्यांशीच बंद ठेवलं."

काही क्षण मीच म्यूट झालो. मग म्हणालो, "ठीक आहे. आता चला, हेच साहेबांना सांगा."

"सांगणारच होतो," तो म्हणाला. "पण मघाशी घरी फोन केला. बायको म्हणाली, न बोलता सुपरवायझर झालास, आता बोलून घालवू नकोस."

तो दांडी काखेत मारून खाली उतरला आणि मी कठड्याला धरून उभा राहिलो. खाली चहावाला त्याच्यासाठी दार उघडून उभा होता.

घरी आलो. बायकोने दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. बंदर, बाह्या, दांडी, केबिन, काही लपवलं नाही. मला वाटलं, आता ताईचं नाव निघणार, शर्टांचं निघणार, सगळ्या आयुष्याचा हिशेब निघणार! पण तिने यातलं काहीच काढलं नाही. ती गालाला हात लावून विचारात पडली होती.

"अहो, खरंच दिवसभर एक शब्द बोलत नाही तो?"

"नाही."

"आणि घरीसुद्धा बायको सांगेल तेव्हा गप्प बसतो?"

"दिसतंय तरी तसंच."

तिने इतका खोल श्वास सोडला की मला वाटलं आता शर्टांसाठी रडणार. पण ती म्हणाली, "काय नशीब असतं हो एकेकीचं!"