पालथी वाटी

मे महिन्यात नागपुरात कुलर माणसांसाठी लावतात. वानखेडेकाका तो अळंबीसाठी लावतात. मिहानजवळच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर ते एकटेच राहतात. मागच्या खोलीत कुटाराने, म्हणजे सोयाबीनच्या भुशाने, भरलेल्या पिशव्या टांगलेल्या, त्यांच्यावर कुलरचा गार वारा, आणि काका स्वतः बाहेर कडुनिंबाखाली डोक्याला ओला दुपट्टा बांधून बसलेले. विचारलं की म्हणतात, "मले सवय आहे गा. त्यायले नाही."

दर रविवारी सोसायटीतली पोरं तिथे जमतात. शाळेतसुद्धा इतक्या वेळेवर जात नाहीत. चपला बाहेर, आवाज हळू. "पोट्टेहो, कल्ला नका करू, उगवून राहिल्या त्या!" मग उकळून गार केलेलं कुटार पोरांनी स्वतः पिशवीत दाबून भरायचं, मधेमधे बी पेरायचं. माझी पिहू तर कोपरापर्यंत कुटारात असते. एखाद्या आईने नाक मुरडून 'इन्फेक्शन' म्हटलं की काका चवताळतात. "हात लावल्यानं काही होत नाही बाई! जे होते ते तोंडात घातल्यानं होते."

दुसरा हट्ट वाटीचा. अळंबीची टोपी कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची आणि सकाळपर्यंत हलवायची नाही. सकाळी कागदावर टोपीचा ठसा उमटतो, अगदी रांगोळीसारखा. पोरं इतकी नादावली की आमच्याकडे वरणाला वाटी सापडेना. जाताना काका प्रत्येकाकडून वदवून घेतात, की बाहेर उगवलेली कुत्र्याची छत्री खायची नाही, ठसा पाहिला तरी नाही. मग घरच्या अळंबीची भाजी पोरांना वाढतात. स्वतः मात्र एक घास घेत नाहीत. "मले पचत नाही." ज्या माणसाला झणझणीत सावजी रस्सा पचतो त्याला ही बिचारी भाजी पचत नाही, यावर माझा कधी विश्वास बसला नाही.

मागच्या पावसाळ्यात पिहू बगिच्यातून फ्रॉकच्या ओच्यात मोठमोठ्या पांढऱ्या छत्र्या घेऊन आली. "काका, तुमच्यासाठी सात्या!" सात्या म्हणजे आमच्याकडची रानातली, खायची अळंबी.

काकांचा चेहरा उतरला. तिला नळावर नेऊन त्यांनी साबणाने तिचे हात धुतले. मग पुन्हा धुतले. पुन्हा साबण घेतला तेव्हा मी म्हटलं, "काका, हात लावल्यानं काही होत नाही, तुम्हीच म्हणता ना?"

त्यांनी तिचा हात सोडला आणि तिला कागद-वाटी आणायला आत पाठवलं.

"मीबी अशाच आणल्या होत्या," ते हळूच म्हणाले. "वावराच्या धुऱ्यावरून, सदऱ्यात भरून. माह्या लहान बहिणीले सात्या खूप आवडे. माय वावरात होती, मीच चुलीत भाजून देल्या तिले. तिनं सगळ्या खाल्ल्या. मले एकबी ठेवली नाही म्हणून भांडलो गा मी तिच्याशी. ते भांडणच शेवटचं."

पिहू वाटी घेऊन आली. तिनेच टोपी कागदावर ठेवली, तिनेच वाटी पालथी घातली.

सकाळी आम्ही दोघं पुन्हा गेलो. पिहूने वाटी उचलली. सात्यांचा ठसा गुलाबीसर पडतो; हा हिरवट होता.

"ही वाईट आहे काका. आपण नाही खायची," ती म्हणाली.

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग रिकामी वाटी हातात फिरवत मला म्हणाले, "वाटी तं तवाबी घरात होती गा. पालथी घाल म्हणणारं कोणी नव्हतं."