सिग्नलच्या तारेवरची घंटा

चांगुणाला बघायला बेलापूरची मंडळी पॅसेंजरने यायची होती. झुंबरबाईने नवऱ्याला, सहादेवला, बजावले, "आज सिग्नल बघत बसलात अन् पाव्हनं हुकलं, तर पोरीला तोंड दावू नका."

सहादेवच्या घरासमोर सिग्नल होता. तो पडला की गाडी बघायची, हा त्याचा छंद. मुळा धरणाचे पाणी आले, स्टेशनापर्यंत ऊस डोक्यावर गेला आणि शेतातून सिग्नल दिसेना. तेव्हा त्याने बांधाकडेच्या सिग्नलच्या तारेला बैलाची घंटा बांधली. स्टेशनात खटका ओढला की ती वाजे, आणि सहादेव खुरपे टाकून धावे. जुने स्टेशनमास्तर कानाने मंद होते, त्यामुळे बरे चालले होते.

नवे मास्तर कालच आले होते. सहादेव फेटा बांधून फलाटावर उभा असताना त्यांनी खटका ओढला. उसातून घंटा ऐकू आली.

"रुळावर बैल आहे," म्हणत त्यांनी गाडी थांबवायला सिग्नल वर घेतला. तार हलली, घंटा वाजली. सगळे शांत झाल्यावर पुन्हा खटका ओढला. बैल पुन्हा आला. पोर्टर काठी घेऊन रूळ बघून आला, तर बैल नाही की शेण नाही. गाडी उसापलीकडे शिट्ट्या मारत उभी.

सहादेव पेचात पडला. खरे सांगावे तर बेड्या, गप्प बसावे तर पोरीचे लग्न गाडीत अडकलेले.

"मी हाकून येतो, मास्तर. माझा आवाज वळखंल त्यो," असे सांगून तो उसात शिरला. तारेवरची घंटा सोडली, खिशात घालून मुठीत गच्च धरली आणि पळत परतला. आता सिग्नल बिनबोभाट पडला. गाडी आली, पण बेलापूरचे कोणीच उतरले नाही.

मान खाली घालून तो घरी आला, तर ओट्यावर मंडळी पोहे खात बसलेली. चांगुणा पाणी देऊन लाजत आत पळाली.

"सहादेवराव, गाडी दारात हुबी केलीत," मुलाचे वडील श्रीमंतराव खुशीत म्हणाले. "पोरगी पसंत हाय. वऱ्हाडालाबी हितंच उतरवा."

सहादेवने हात जोडायला खिशातली मूठ सोडली. घंटा वाजली. पाहुण्यांनी गोठ्याकडे पाहिले. बैल मोकळ्या गळ्याने रवंथ करीत होता.

"उतरवतील की," झुंबरबाई शांतपणे म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "घंटा तेवढी बैलाला देऊ नका म्हंजे झालं."