दौलतकाकांची माशीमोजणी

दौलतकाका कुणाच्याही घरी गेले की आधी “काय चाललंय” असं विचारत नाहीत. काखेतली बांबूच्या कामट्यांची चौकट जमिनीवर ठेवतात, तिच्यासमोर उकिडवे बसतात आणि अर्ध्या मिनिटात तिच्यावर किती माशा बसल्या ते मोजतात. मग आकडा जाहीर होतो. त्यानंतरच समोर कुणी माणूस बसलाय याची ते दखल घेतात.

“मास्तर, अकरा! काल सात व्हत्या. काय करून राह्यले तुमी घरात?”

मी काय करून राहणार? मी केळं खात होतो. पण शेजारी राहायला आल्यापासून बारा वर्षं हा मुआयना मी सोसतो आहे. मुआयना, म्हणजे तपासणी, हा काकांचा खात्यातला शब्द. नोकरी संपली तरी तो त्यांनी परत केलेला नाही. गावातल्या घरांची पत ते शेतावरून किंवा गाडीवरून ठरवत नाहीत, आकड्यावरून ठरवतात. सरपंच म्हणजे तेवीस. आमची शाळा चौदा आणि सुट्टीत चार. “म्हंजे खोट मास्तर लोकाइतच हाय,” असा निकाल त्यांनी मुख्याध्यापकांच्या तोंडावर दिला होता. आमचे मुख्याध्यापक तेलुगू, त्यांना मराठी कमी समजतं, म्हणून निभावलं.

काका मलेरिया खात्यात फवारणीवाले होते. पाठीवर पंप घेऊन वांकिडीपासून बेज्जूरच्या जंगलापर्यंत लोकांच्या भिंती ओल्या करण्यात त्यांची हयात गेली. आता त्याच पंपाचं नाव काढलं की ते अंगावर येतात. “पंप उचलला का डोस्कं खाली ठुलं समजा,” हे त्यांचं लाडकं वाक्य. त्यांचं म्हणणं असं, की पहिल्या वर्षी औषधानं डासांबरोबर माशाही पटापट मेल्या, दुसऱ्या वर्षी नुसत्या झिंगल्या.

“अन् तिसऱ्या साली मी फवारून राह्यलो, तर माशी माह्या नाकावर बसून पाय पुसून राह्यली! माह्याच औषधावर शिकून शान्या झाल्या त्या.”

म्हणून निवृत्त झाल्यावर काकांनी औषधाविना लढाई पुकारली. “माशीले मारत बसू नका, तिचं बाळंतपण मोडा,” हा त्यांचा मूळ सिद्धांत. शेणात अंडं पडल्यापासून माशी उडेपर्यंत उन्हाळ्यात आठेक दिवस लागतात, म्हणे. तेव्हा सातव्या दिवशी खड्डा उकरायचा, अळ्या कोंबड्यांना घालायच्या आणि वरून माती लोटायची. हे ज्ञान ते नुसतं वाटत नाहीत, राबवतात. दर रविवारी सकाळी मी दात घासत असतो तेव्हा काका माझ्या शेणखताच्या खड्ड्यात फावडं घेऊन उभे असतात. पाठीमागे त्यांच्या नऊ कोंबड्या असतात. कोंबड्यांचं पोट भरलं की काका मोठ्यानं ओरडतात, “गेली वो मास्तर, सारी पिढी गेली!” एकदा हे ऐकून समोरच्या आळीतल्या दोन बायका मला धीर द्यायला आल्या होत्या.

याशिवाय गुळाचं आंबलेलं पाणी भरलेल्या बाटल्या आणि चिकट दोऱ्या आहेत. एरंडेल आणि राळ उकळून त्यात सुतळी बुडवायची आणि आढ्याला टांगायची. माशी विसाव्याला दोरीवर बसते आणि तिथेच राहते. राहतात त्या फक्त माशाच नव्हेत. माझ्या मुलीला पाहायला मंचेरियलहून पाहुणे आले, त्याच्या आदल्या संध्याकाळी काका न विचारता आमच्या ओसरीत पाच दोऱ्या टांगून गेले. मुलाचे वडील नमस्काराला उभे राहिले आणि परत बसले, पण त्यांची टोपी बसली नाही. ती वरच लोंबकळत राहिली. तेवढ्यात काका आले, चष्मा पुसून टोपीकडे पाहत म्हणाले, “तीन. अन् दोऱ्या टोपीलेबी चांगल्या चिकटतेत, मले ठाऊक नव्हतं.”

तरीही सोयरीक जमली. मुलाला मुलगी फारच आवडली असावी.

काकांच्या या सगळ्या थेरांवर बोलायची सोय एकाच माणसाला आहे, त्यांच्या बायकोला, सुभद्राकाकूंना. लहानपणी गावात डोळ्यांची साथ आली, माशांनी ती एका पोरीच्या डोळ्यांवरून दुसरीच्या डोळ्यांवर नेली, त्यात काकूंची नजर गेली. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. बाकी सारं त्या कानांनी पाहतात. “हे माशा मोजतेत, अन् याइच्या चुका मलेच मोजा लागतेत,” असं म्हणून भाकरी थापत राहतात. पण काकू कधीच कुणाच्या पंगतीला येत नाहीत. बारसं असो, लग्न असो, त्यांचा डबा घरी जातो. विचारलं तर म्हणतात, “मले गर्दी सोसत नाही, बाप्पा.” मीही कधी जास्त खोलात शिरलो नाही.

मुलीच्या लग्नाला आठ दिवस उरले. पंचायतीचे सेक्रेटरी घरी आले आणि तेलुगूत म्हणाले, “मंदु कोट्टाली, सार.” म्हणजे मांडवात औषध मारू, माशांची कटकट नको. मी आनंदानं हो म्हटलं. संध्याकाळी काका आले. काखेत चौकट नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

“मास्तर, मांडवात औषध मारू नका. मले सात दिवस द्या. अन् पयल्या पंगतीत एक पान जास्तीचं धरा. सुभद्रेसाठी.”

“काकू येतील?”

“तिले कबूल केलं मी. माशी येऊ देत नाही म्हनलं, तवा हो म्हनली.” मग खाली बघत म्हणाले, “माह्या भावाच्या पोरीचं लगन व्हतं. सकाळी मीच मांडव फवारला, खात्याचा मानूस म्हणून तोऱ्यात. दुपारी पंगत बसली अन् अर्धमेल्या माशा वरून टपकू लागल्या. एक सुभद्रेच्या वरणात पडली. तिले काय दिसनार? घास तोंडात गेला अन् बाजूची बाई वरडली. सारी पंगत हासली. मी वरणाची बादली घेऊन समोरच उभा व्हतो. लाजेकाजेनं मीबी हासलो, मास्तर. तिनं माहं हासनं वळखलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन सेक्रेटरींना नको म्हणून सांगितलं.

पुढचे सात दिवस काकांनी आमच्या आळीचं जगणं मुश्कील केलं. प्रत्येक खड्डा उकरला, प्रत्येक खड्ड्यावर माती टाकली. गोठे झाडून घेतले, नाल्या वाहत्या केल्या. मांडवापासून लांब, कुंपणाला गुळाच्या बाटल्या बांधल्या. चिकट दोरी मात्र एकही नाही, ही व्याह्यांची अट होती. आचाऱ्याला बुंदीच्या ढिगासकट दुहेरी मच्छरदाणीत बसवलं. वऱ्हाडातल्या बायका येता-जाता त्याला पाहून हळहळत होत्या. इतका ताप असताना बिचाऱ्याला कामाला का लावलं, असं एकीनं मला सुनावलंसुद्धा.

लग्न लागलं आणि पहिली पंगत बसली. पळसाच्या पत्रावळीवर आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. व्याही टोपी मांडीखाली घालून बसले होते. रांगेच्या टोकाला काकू होत्या, हिरवं लुगडं नेसलेल्या, पाठ ताठ. शेजारी काका. काकूंनी बोटांनी पान चाचपलं, वरण कुठे, भाजी कुठे ते पाहिलं, पण घास उचलला नाही.

“किती हायेत वो?” त्यांनी हळूच विचारलं.

मी मीठ वाढत समोरच उभा होतो. मला दोन दिसत होत्या. एक त्यांच्या बुंदीवर घिरट्या घालत होती, दुसरी द्रोणाच्या काठावर टेकायला बघत होती. चारशे माणसांचं लग्न, दोन तर येणारच. आणि सरपंचाला तोंडावर तेवीस सुनावणारा हा माणूस आकड्यात कधी खोटं बोलला नव्हता.

“एकबी नाही,” काका म्हणाले.

“मंग हात काऊन हालवून राह्यले? वारा लागून राह्यला मले.”

“गरमी होऊन राह्यली म्हणून.”

काकूंनी वरण-भाताचा घास कालवला आणि तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला.

“तुमीबी जेवा आता,” त्या म्हणाल्या. “केव्हाचे हातच हालवून राह्यले. वरण थंडं झालं असंन तुमचं.”

काकांनी उजव्या हातानं आपला भात कालवायला घेतला. डावा हात मात्र काकूंच्या पानावर हलतच राहिला.