बिरादार अण्णांचा विजेचा ब्रश

आमच्या गल्लीत विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश पहिल्यांदा आला तो बिरादार अण्णांच्या घरी, आणि बिरादार अण्णांच्या तोंडात स्वतःचा म्हणावा असा एक दात न्हाई. वरची कवळी, खालची कवळी. सकाळी दोन्ही स्टीलच्या वाटीत पाण्यात बुडवून कट्ट्यावर ठेवलेल्या असतात आणि अण्णा शेजारी पेपर वाचत बसलेले असतात. कुणी ओळखीचं दिसलं की वाटीत हात घालायचा, दात बसवायचे आणि मग नमस्कार करायचा. दूधवाल्यासाठी ते दात बसवत न्हाईत. माझ्यासाठी बसवतात, कारण मी शाळेत मराठी शिकवते आणि त्यांना वाटतं, माझ्यापुढं उच्चार चुकला तर मी मार्क कापीन.

बिदरच्या नौबादमधल्या ह्या गल्लीत आमची भिंतीला भिंत. अण्णा मूळचे चिंताकीचे, सगळी नोकरी वीज खात्यात गेली. रिटायर होऊन जमाना झाला तरी शर्टाच्या खिशात टेस्टर असतोच. लग्नाला गेले तरी असतो. दिवसा कुणाच्या दारात बल्ब जळताना दिसला की हे फाटक उघडून आत जातात, बटण बंद करतात आणि कुणाशी काही न बोलता परत येतात. एका नव्या भाडेकऱ्यानं तर चोर म्हणून मनगट धरलं होतं त्यांचं. अण्णा त्यालाच म्हणाले, "आधी बिल बघ, मग मला धर."

माणसं त्यांच्या लेखी दोनच प्रकारची: अर्थिंग असलेली आणि नसलेली. शांत डोक्याचा माणूस भेटला की, "ह्याला अर्थिंग हाय." तापट असला की, "ह्याला अर्थिंग न्हाई, लांबूनच बोला." मला तर ते तोंडावर सांगतात, "अक्का, तुम्हाला अर्थिंग न्हाई." मला राग येतो ही गोष्ट खरी आहे. पण पुढचं ऐका आणि मग मला सांगा, कुणाला येणार न्हाई.

अण्णांचा एकुलता एक पोरगा महेश कॅनडात असतो. कमळाक्का, म्हणजे अण्णांची बायको, गेली तेव्हा आला होता. तेरावा झाला आणि गेला तो गेलाच. तेव्हापासून येतात ती खोकी. बीपी बघायचं यंत्र आलं. चालायचे बूट आले. मान शेकायची पिशवी आली. कुरिअरवाल्याला ह्या घरात बसवून चहा पाजतात, एवढी त्याची ये-जा. पोरगं सोडून सगळं येतं.

गेल्या दिवाळीच्या आधी अण्णा फोन घेऊन आमच्याकडं आले. दात घरूनच बसवून आले होते, म्हणजे काम महत्त्वाचं.

"अक्का, महेशनं तीन फोटो पाठवलाय. म्हणायलाय, अप्पा, ह्यातला एक तुम्हीच पसंत करा."

महेशचं लग्न अजून व्हायचंय. मला वाटलं पोरींचे फोटो असतील, म्हणून चष्मा घातला. बघते तर तीन ब्रश.

"हे कामून? तुम्हाला दात कुठं हाईत?"

"पोरगं हौसेनं पाठवायलंय. न्हाई कसं म्हणावं?"

मी मनात म्हणलं असेल बाई, कॅनडात कवळ्यासुद्धा मशीननं घासत असतील.

पण अण्णा फोटो बघून पसंत करणारे न्हाईत. "पाणी अन् करंट एकाच तोंडात घालायचा म्हणजे खेळ न्हाई, अक्का. आधी हातात धरून बघणार." इंग्रजी वाचायला कुणीतरी पाहिजे म्हणून मला ओढून बाजारात नेलं. आधी त्यांच्या ओळखीचं इलेक्ट्रिकचं दुकान. तिथले म्हातारे चाचा आणि अण्णा जुने दोस्त. चाचांनी फोटो बघितला, अण्णांच्या तोंडाकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बिरादार साब, मुँह में मोटर कायकू होना तुमना?" अण्णांनी विचारलं, "अर्थिंग असतंय का ह्याला?" चाचा म्हणाले, "ब्रश कू अर्थिंग नक्को, तुमना होना!" अर्थिंग अण्णांनाच पाहिजे म्हणे! मी तिथंच हसत सुटले.

तिथून औषधाच्या मोठ्या दुकानात. तिथल्या पोरीनं बिचारीनं नीट चौकशी केली.

"काका, गरम-गार लागतं का दाताला?"

"अजिबात न्हाई."

"हिरड्यातनं रक्त?"

"कधीच न्हाई."

"किडलेला एखादा?"

"एक न्हाई."

"ह्या वयात! कमालच हाय की," पोरगी म्हणाली आणि तिनं आतल्या माणसाला बोलवून अण्णांना दाखवलं. अण्णांनी सगळे दात दाखवून दोघांना नमस्कार केला. मी औषधांच्या बाटल्यांकडं तोंड करून उभी राहिले.

तिथं त्यांनी सगळे ब्रश हाताळून बघितले, घेतला एकही न्हाई. पण पसंती ठरली: गोल डोक्याचा, मऊ केसांचा, चार्जिंगचा. सेलवर चालणारा नको, सेल म्हणजे नासधूस. महेशला तसं कळवलं आणि खोकं आलं.

पहिल्या दिवशी अण्णा पायात रबरी चपला घालून मोरीत उभे राहिले. आधी ब्रशला टेस्टर लावून बघितला. टेस्टर पेटला न्हाई तेव्हा धीर आला. आता ह्या माणसानं जन्मभर लाल दंतमंजन वापरलेलं. कवळीसुद्धा त्यानंच घासायची, पेस्ट म्हणजे पोरांचं खाणं. ब्रशच्या डोक्यावर मंजनाचा ढीग घातला आणि हवेतच बटण दाबलं. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. अण्णा बाहेर आले ते पांढऱ्या बनियनवर लाल शिंतोडे, कपाळ लाल, तोंडाचं बोळकं आणि हातात घुंघुं करणारं काहीतरी. समोरच्या घरातली म्हातारी बोंबलली, "अगं बया, बिरादाराला मारलं की गं कुणीतरी!" आणि अण्णा गल्लीभर विचारत फिरायलेत, "बंद कसा करायचा? हे बंद कसा करायचा?"

मग हळूहळू जमलं. डाव्या तळहातावर कवळी धरायची, उजव्या हातानं ब्रश फिरवायचा, यंत्र आपण होऊन थांबेपर्यंत. सकाळी आणि रात्रीच्या जेवणानंतर, एकही दिवस खाडा न्हाई. चिंताकीला भावकीच्या लग्नाला गेले तर पिशवीत धोतराखाली ब्रश. कारण ह्या ब्रशला एक वाईट खोड आहे, तो चुगल्या करतो. घासलं की ब्रश फोनला सांगतो आणि फोन कॅनडात महेशला सांगतो. मग थोड्या वेळानं महेशचा अंगठा येतो. शब्द न्हाई, हाक न्हाई, नुसता पिवळा अंगठा.

अण्णा तो अंगठा सगळ्यांना दाखवतात. मला दाखवला, दूधवाल्याला दाखवला, मैलूरला बहिणीकडं जाऊन तिला दाखवून आले. "पोराचं ध्यान हाय बघा." मी म्हणलं, "अण्णा, बँकसुद्धा मेसेज पाठवते." त्यावर ते म्हणाले, मला अर्थिंग न्हाई.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी सकाळी अण्णा धापा टाकत आले. "अक्का, चला लवकर. फोन धरायला माणूस पाहिजे. महेश व्हिडिओवर येणार हाय. म्हणायलाय, अप्पा, ब्रश करताना दाखवा, नीट करायलाव का बघतो."

"मग दाखवा की. हातावर कवळी घ्या अन् घासा."

अण्णा फाटकातच थांबले. "त्याला ठाऊक न्हाई."

"काय ठाऊक न्हाई?"

"माझे दात गेलेलं."

सगळ्या गल्लीला ठाऊक, औषधाच्या दुकानात सोडून सगळ्या बिदरला ठाऊक, आणि ज्यानं ब्रश पाठवला त्याला ठाऊक न्हाई! पण फोन वाजायला लागला होता. अण्णांनी घाईघाईनं दोन्ही कवळ्या बसवल्या, वर अंगठ्यानं दाबल्या आणि आरशापुढं जाऊन उभे राहिले.

महेश स्क्रीनवर आला. चांगला गुबगुबीत झालाय. "नमस्कार अक्का. धरा तसंच. अप्पा, करा चालू. दाबू नका, नुसतं टेकवा."

अण्णांनी टेकवलं. वरचे दात कसेबसे तग धरून होते. खालच्यांवर ब्रश आला आणि अख्खी कवळी तोंडात नाचायला लागली. खटखट, खटखट. अण्णांचे डोळे मोठे झाले. ओठ मिटून ते कवळी आवळून धरायलेत आणि आत यंत्र घुमायलंय. आता निसटणार, आता पडणार. मी फोन गर्रकन खिडकीकडं वळवला.

"महेश, ही बघ तुझ्या आईनं लावलेली जास्वंद! किती फुललीय बघ!"

"अप्पा कुठं गेले?"

"चूळ भरायलेत."

मागं वाटीत काहीतरी वाजलं, पाण्याचा आवाज आला. मी जास्वंदीची एकेक कळी कॅनडाला दाखवत राहिले. मग अण्णा समोर आले, तोंड पुसून, दात जागेवर. हसले.

महेश खूश. "अप्पा, दात काय चमकायलेत! बघा, मी म्हणलं होतं की न्हाई? चांगला ब्रश असला की शेवटपर्यंत दात टिकतात. अक्का, तुम्हीच सांगा, फरक पडलाय का न्हाई?"

शब्द माझ्या अगदी जिभेवर आले होते. अरे मूर्खा, तुझ्या बापाच्या तोंडात दात न्हाईत. वरणात भाकरी कुस्करून खातोय तो. आणि तू तिथं बसून घासण्यातल्या चुका काढायलास! पण फोन मी माझ्याकडं वळवला होता आणि त्याच्या मागं अण्णा उभे होते. त्यांनी दोन्ही हात जोडले होते आणि जोडलेल्या हातांत तो ब्रश होता.

"व्हय रे बाबा," मी म्हणलं. "लई टिकले."

महेशला कुठंतरी जायचं होतं. फोन ठेवला.

मग मात्र मी सोडलं न्हाई. दात काढले त्या दिवशी आमच्या ह्यांनीच अण्णांना स्कूटरवर घरी आणलं होतं. तोंडात कापूस कोंबलेला आणि नेमका महेशचा फोन आलेला. अण्णा नुसतं हूं हूं करत होते आणि महेश विचारत होता, अप्पा, माझ्यावर रागावलाव का. मला ते आठवलं आणि डोकंच फिरलं.

"सांगितलं का न्हाई त्याला?"

"कधी सांगू? तवा त्याची नवी नोकरी. काळजी करल म्हणून राहिलं. मग राहूनच गेलं." अण्णा ब्रश पाण्याखाली धरून धूत होते. "आता सांगितलं तर इचारल, कधी काढलाव. मग त्याचं त्यालाच कळल, किती दिस झाले आपण बापाला बघितलं न्हाई. वाईट वाटल हो त्याला. पोरगं मनाला लावून घेतंय."

"लावून घेऊ द्या की! लागलंच पाहिजे त्याला!" मी एवढ्यानं ओरडले की समोरची म्हातारी दारात आली.

मला वाटलं आता म्हणतील, अक्का, तुम्हाला अर्थिंग न्हाई. तसं काही ते म्हणाले न्हाईत. चार्जरचं बटण बंद केलं, पिन काढली, वायरची नीट गुंडाळी केली.

"ल्हान होता तवा लई लबाड होता," ते म्हणाले. "मंजन नुसतं ओठाला लावायचा अन् म्हणायचा, अप्पा, घासलो. मी सोडतोय का? मांडीवर आडवा करायचो, तोंड उघड म्हणायचो अन् टॉर्च लावून एकेक दात बघायचो. एवढा मोठा आ करायचा." आणि हसले. मला हसू आलं न्हाई. माझ्या मनात पोराबद्दल जे काय आलं ते इथं लिहिण्यासारखं न्हाई.

तेवढ्यात फोन वाजला. महेशचा अंगठा आला होता. अण्णांनी तो मला दाखवला, मग फोन उलटा करून फळीवर ठेवला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ते अंगठा दुसऱ्या कुणाला दाखवायला गेले न्हाईत.

"अक्का," ते म्हणाले, "खालची कवळी मघाशी जरा घासली वाटतं. हिरडीला टोचायलीय. बघता का जरा, लागलंय का?"

आणि माझ्यापुढं खुर्चीत बसून त्यांनी दोन्ही कवळ्या काढून वाटीत ठेवल्या, मान मागं टाकली आणि एवढा मोठा आ केला.

मी फोनचा टॉर्च लावला आणि बघितलं.