सूर्य चौकात, नेपच्यून मेहुणीच्या दारात

सूर्यमाला आमच्या गावात आणायची, ही कल्पना माझ्या एकट्याची! तेव्हा मी हे छाती फुगवून सांगत होतो. हल्ली कुणी विचारलं तर 'समितीनं ठरवलं होतं' म्हणतो. समितीत मी एकटाच होतो, ते सांगत नाही.

पण तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? आमच्या एल्की खोऱ्यातलं आभाळ म्हणजे नुकतीच पुसलेली काच! डोंगरमाथ्यांवर दुर्बिणींचे पांढरे घुमट कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवलेत. जगभरातले शास्त्रज्ञ विमानं बदलत बदलत इथं येतात. आणि आमच्या सान एलादियोतल्या माणसाला विचारा, "शनी किती लांब आहे हो?" तर म्हणतो, "बसनं की पायी?"

मी गावचा औषधवाला. खोकल्याच्या बाटलीबरोबर मी गिऱ्हाइकाला दोन ग्रह फुकट समजावून सांगतो. बाटली घेतात, ग्रह काउंटरवर ठेवून जातात! तेव्हा मी गावाच्या वर्धापनदिनाच्या सभेत उठलो आणि जाहीर केलं, "यंदा मिरवणूक नको. यंदा आपण सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत चालत जायचं!"

महापौर दोमितिलाबाईंनी विचारलं, "वाटेत खायला काही आहे का?"

"प्रत्येक ग्रहावर!" मी ठोकून दिलं. ठराव एकमतानं पास झाला.

योजना अगदी सोपी होती. आकाशातले दहा लाख किलोमीटर म्हणजे आमच्या रस्त्यावरचा एक मीटर. या मापानं सूर्य होतो साधारण लहान मुलाच्या उंचीचा गोळा. तो चौकात, चर्चसमोर. पृथ्वी होते काबुली हरभऱ्याएवढी, आणि ती ठेवायची दीडशे मीटरवर. गुरू म्हणजे एक खरबूज, ते पार बंबखान्यापाशी. नेपच्यून एका अक्रोडाएवढा, आणि तो साडेचार किलोमीटरवर, द्राक्षमळ्यांच्या पलीकडे! मधे सगळं रिकामं. लोकांना हे रिकामपण पायांनी कळावं, एवढीच माझी इच्छा होती. ज्याचं घर त्या अंतरावर येईल, त्यानं तो ग्रह सांभाळायचा आणि येणाऱ्यांना काहीतरी खाऊ घालायचं.

दुसऱ्याच दिवशी भांडणं सुरू झाली.

दीडशे मीटरवर नेमकं माझंच दुकान येत होतं. "वा!" पाववाला तेओफिलो म्हणाला, "म्हणजे जीवसृष्टी तुझ्याकडे आणि माझ्याकडे शुक्र? तिथं तर म्हणे शिसं वितळतं!"

"तुझी भट्टी बघता बरोबरच आहे," मी म्हणालो. तेओफिलोनं आठवडाभर मला शिळा पाव दिला.

पण खरा भडका उडाला तो माझ्या मोठ्या मेहुणीमुळे. लिओन्तिनाचा मळा बरोबर साडेचार किलोमीटरवर. ती दुकानात शिरली तीच वाऱ्यासारखी.

"मला सगळ्यात लांब टाकलंस ना, एवारिस्तो?"

"अगं, मी नाही टाकलं! ते अंतरच तसं आहे."

"आमच्या घरात तुझं लग्न झालं तेव्हापासून तू मला लांब ठेवतोयस. आता तर मोजून ठेवलंस!"

इथं शहाण्या माणसानं गप्प बसायचं असतं. मी तिची समजूत काढायला गेलो. "लिओन्तिना, नेपच्यून काही साधासुधा ग्रह नाही. भला मोठा आहे! थंडगार आहे. सगळा वायूनं भरलेला, आणि सूर्यमालेतली सगळ्यात भयंकर वादळं तिथंच होतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या बायकोकडे वळून म्हणाली, "मेलानिया, ऐकलंस? हे असं बोलतो तुझा नवरा माझ्याबद्दल!"

मेलानियानं त्या दिवशी मला जेवायला वाढलं, पण ताटाकडे न बघता.

तर दुकानात अशी रोज गर्दी! सगळ्यांना आपापला ग्रह बदलून हवा. मी काउंटरमागे उभा राहून न्यायाधीशासारखा निकाल देत होतो. महापौरबाई स्वतः स्टुलावर बसून मजा बघत होत्या. अशात एके दिवशी ओनोफ्रे आला.

ओनोफ्रेबद्दल सांगायला हवं. तो माझ्या थोरल्या मुलीचा धर्मपिता, त्यामुळे आम्ही एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणतो. बायको गेल्यापासून तो खोऱ्याच्या वरच्या अंगाला, लिओन्तिनाच्याही पुढं वळणापलीकडे, चार शेळ्या घेऊन एकटा राहतो. मला जे काही आकाश कळतं, ते त्याच्यामुळे. माझी आई गेली त्या वर्षी मी खाणंपिणं सोडून बसलो होतो. हा मला ओढत आपल्या गच्चीवर घेऊन गेला. स्वतः काच घासघासून बनवलेली दुर्बीण त्यानं माझ्यापुढे केली आणि म्हणाला, "लाव डोळा." आत शनी होता. कड्यासकट, कुणीतरी नुकताच कापून चिकटवल्यासारखा! मी इतका वेळ बघत राहिलो, की रडायचं राहूनच गेलं.

तर हा ओनोफ्रे टोपी हातात घेऊन आला, नेहमीसारखा दाराला टेकला आणि म्हणाला, "मग कोंपाद्रे, लिओन्तिनाकडे नेपच्यून. त्याच्या पुढं माझं घर. माझ्याकडे प्लुटो ना?"

"अरे, प्लुटोला ग्रहांतून काढून टाकलंय. कधीच!"

"ते ठाऊक आहे रे. पण तो अजून आहे ना तिथं?"

"आहे. पण मोजत नाहीत त्याला."

लोक हसले. महापौरबाईही हसल्या. आता समोर सगळं गाव हसतंय म्हटल्यावर माझ्यासारख्या माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं होय? मला चेव चढला आणि मी म्हणालो, "तुझं घर हिशेबाबाहेर, ओनोफ्रे! तू आपला शेळ्यांभोवती फिर!"

मग तर हशाच हशा! ओनोफ्रेही हसला. सगळ्यांचं हसून झाल्यावर हसला, एवढंच. "बरं," म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला. मी लगेच पुढच्या गिऱ्हाइकाला मंगळ समजावून सांगायला लागलो.

वर्धापनदिन उजाडला. सूर्य म्हणून मी द्राक्षांच्या जत्रेतला जाहिरातीचा एक भला थोरला फुगा मागून आणला होता आणि त्याला पिवळा रंग फासला होता. तो चौकातल्या मंडपाला बांधला. गाठ मी स्वतः मारली.

मेलानिया म्हणाली, "जेवणवेळेला समुद्राकडून वारा सुटतो हं. दोरी आणखी एक बांध."

"तोवर आपण शनी ओलांडलेला असेल!" मी म्हणालो.

पण महापौरबाईंनी भाषण सुरू केलं. त्यांनी गावाच्या स्थापनेपासून सुरुवात केली. गाव बरंच जुनं आहे.

भाषण चालू असतानाच फादरच्या फाटकावरून निरोप आला, की बुध नाहीसा झालाय. बुध म्हणजे मिऱ्याचा दाणा होता. फादरची कोंबडी शेजारीच उभी होती आणि शिंकत होती! मी म्हटलं, हरकत नाही, बुध तसाही फारसा दिसत नाही.

अखेर चालणं सुरू झालं. मी पुढं राहून ओरडत होतो, "हळू चला, मंडळी! या मापानं प्रकाशसुद्धा रांगत्या बाळासारखा चालतो!" पण खाण्याच्या आशेनं महापौरबाई प्रकाशाच्या चौपट वेगानं सुटल्या होत्या. शुक्रापाशी तेओफिलोनं गरम पाव मांडले होते. लोक पावावर तुटून पडले. शुक्राकडे कुणी बघितलंही नाही.

"यात मोठा तो गोळा कोणता?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"ते लोणी आहे, काका!"

आणि वारा सुटला.

मागून किंकाळी ऐकू आली. वळून बघतो तर सूर्य येतोय! माझी गाठ सोडून, दोरी शेपटीसारखी फरफटत, टणाटण उड्या मारत सूर्य रस्त्यानं येतोय! शास्त्रज्ञ म्हणतात, पाच अब्ज वर्षांनी सूर्य फुगत जाऊन बुध-शुक्र गिळेल, कदाचित पृथ्वीही. आमच्या सूर्याला तेवढा धीर नव्हता! त्यानं शुक्राचं टेबल उलटं केलं, पाव उधळले, महापौरबाईंना बाजूच्या कुंपणात बसवलं आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर आपटून पृथ्वीचा हरभरा गटारात घालवला.

"पकडा! पकडा!" मी ओरडलो.

"आधी कुठं अडवायचा ते सांग!" तेओफिलो ओरडला.

तेवढ्यात टोमॅटोचा एक रिकामा ट्रक खोऱ्यात वर निघाला होता. वाऱ्याचा एक झोत आला आणि सूर्य अलगद ट्रकच्या मागच्या हौद्यात जाऊन बसला! ड्रायव्हरच्या रेडिओवर मोठ्यानं गाणी चालू होती. त्याला पत्ताच नाही. सूर्य निघून गेला.

मी आणि मेलानिया तेओफिलोच्या पावाच्या गाडीत उड्या मारून चढलो. पाठलाग सुरू! बंबखान्यापाशी गुरू ताटकळत होता. बंबवाल्यांनी त्याचे काप करून खायला सुरुवात केली होती. शाळेपाशी बाईंनी शनीला टोपीचं कडं घालून उभं केलं होतं. आमच्या धुरळ्यात तो दिसेनासा झाला. पुढं सगळं मोकळं रान. द्राक्षांच्या वेली, उघडे डोंगर आणि लांबवर एक पिवळा ठिपका.

लिओन्तिनाच्या फाटकापाशी ती स्वतः उभी होती. अक्रोड तिला अपमानास्पद वाटला होता, म्हणून तिनं गुरूच्या चौपट मोठा भोपळा निळा रंगवून ठेवला होता. आमची गाडी बघून तिनं हात वर केला. चेहरा उजळलेला!

"एवारिस्तो! आत्ता सूर्य माझ्या दारावरून गेला! आजवर कुणी माझ्यासाठी इतकं केलं नव्हतं रे!"

"थांबता येत नाही, लिओन्तिना!" मी ओरडलो. मेलानियानं मला कोपरखळी मारली, "आता खरं सांगू नकोस. पहिल्यांदाच तुझ्यावर खूश आहे ती."

वळण ओलांडलं आणि ट्रकनं एका खड्ड्यात उडी घेतली. सूर्य हौद्यातून उसळला, वाऱ्यावर तिरका झाला आणि एका अंगणाच्या निवडुंगी कुंपणावर जाऊन बसला. फुस्स!

तेओफिलोनं गाडी थांबवली. ते अंगण ओनोफ्रेचं होतं.

मिरीच्या झाडाखाली लांबच लांब टेबल मांडलं होतं. वर इस्त्री केलेली पांढरी चादर. ती त्याच्या बायकोच्या हातची, भरतकामाची, मी ओळखली. शेळीचं चीज, सारण भरून भाजलेल्या एम्पानादांचा ढीग, सुकवलेल्या पीचचं गोड पाणी घातलेले थंड माठ. घरातल्या सगळ्या खुर्च्या बाहेर आणल्या होत्या. पुरल्या नाहीत म्हणून पेट्या उलट्या ठेवल्या होत्या. आणि मधोमध एका बशीत मोहरीचा एक दाणा. ओनोफ्रे नवा सदरा घालून, केस पाण्यानं चापून बसवून, एकटाच बसला होता. एक शेळी त्याच्याशेजारी.

"आलात?" तो उठला. "बाकीचे मागून येतायत ना?"

मी वळून रस्त्याकडे बघितलं. मागं कुणीच नव्हतं. गाव कधीच शुक्राच्या पावांपासूनच घरी परतलं होतं.

"तू... हे सगळं कशाला केलंस, कोंपाद्रे?"

"म्हटलं, ग्रह नसलो तरी रस्ता इथवर येतो. एवढं चालून आलेल्यांना तहान लागेल." त्यानं बशी थोडी सरळ केली. "माप बरोबर आहे ना रे? मोहरी चालेल ना?"

मोहरी अगदी बरोबर होती. माझ्या सगळ्या ग्रहांत तेवढीच एक जागेवर होती!

मला म्हणायचं होतं, ओनोफ्रे, मी गाढव आहे, मला माफ कर. शब्द जिभेवर आले होते. पण तोंडातून निघालं, "थोडी मोठी आहे." माणसाला जीभ कशासाठी दिली असेल?

मेलानियानं माझ्याकडे असं बघितलं, की जमलं असतं तर तिनं फुग्याच्या जागी मला निवडुंगावर बसवलं असतं. ती गुपचूप खुर्ची ओढून बसली. तेओफिलो बसला. मीही बसलो. आम्ही खूप खाल्लं. भूक संपल्यावरही खात राहिलो, तरी ढीग काही कमी दिसेना.

"यापुढचा तारा कुठं येतो?" ओनोफ्रेनं विचारलं.

"या मापानं? हाच रस्ता धरून सरळ पृथ्वीला एक फेरी घातली, की मग."

"म्हणजे परत इथंच?"

"इथंच."

तो डोंगरांकडे बघत म्हणाला, "मग बराच वेळ कुणी यायचं नाही." आणि त्यानं तेओफिलोच्या पेल्यात आणखी पाणी ओतलं.

निघताना मी माफी मागितली. खरंच मागितली. त्यानं मला मिठी मारली, उरलेल्या एम्पानादा बांधून दिल्या आणि म्हणाला, "काय घेऊन बसलास!" म्हणजे मिटलं, असं मला वाटलं. गावाला दुसऱ्या दिवशी सूर्य पळाल्याचीच गोष्ट पुरली. पुढच्या वर्षी पुन्हा करा म्हणून लोक मागं लागले. लिओन्तिना मला दर रविवारी जेवायला बोलावते.

ओनोफ्रे मात्र आता औषधं बसनं जाऊन पार बिकुन्या गावाहून आणतो. भांडण नाही काही. भेटला की हसतो, मुलीची चौकशी करतो. दर मंगळवारी त्याची बस माझ्या दुकानासमोरच थांबते. तो खिडकीतून हात हलवतो. मी काउंटरमागून हात हलवतो.

"अरे, हात काय हलवतोस?" मेलानिया ओरडते. "जा, चढ बसमध्ये! बस त्याच्या शेजारी!"

"दुकानात गिऱ्हाइक आहे," मी म्हणतो. "पुढच्या मंगळवारी नक्की."

गिऱ्हाइक नसतं हो.